काकूला सांग

“अगं, काकूला सांगितलं होतं की मी!” फोनच्या पडद्यावरून मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आईच्या, थोरलीच्या कपाळावर आठी चढली.

मुलाच्या मनगटाला पट्टी होती. परमुलखातल्या एका मोठ्या बंदरावर तो क्रेन चालवायचा. शिडीवरून उतरताना पाय घसरला, हात मुरगळला, डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसवलं, हे सगळं होऊन तीन-चार दिवस झाले होते. काकूला माहीत होतं. आई आत्ता पट्टी बघून विचारत होती.

“मीच म्हटलं, वहिनी रविवारी येतील तेव्हा त्याच्याच तोंडून ऐकतील,” धाकटी शिलाई मशीनमागून म्हणाली. “उगाच तुमचा जीव टांगणीला लागला असता.”

“हो ना. माझ्या जिवाची केवढी काळजी सगळ्यांना!” थोरली म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. तिचा नवरा टेलिफोन कंपनीत लाइनमन होता. गावात इंटरनेटची नवी केबल यायला लागली तेव्हा त्याने पहिली जोडणी स्वतःच्या घरात करून घेतली. पुढे कंपनीचा उत्साह मावळला, काही वर्षांनी लाइनमनही गेला, केबल तेवढी राहिली. बाकी गाव डोंगराआड. मोबाइलला रेंज नाही, इंटरनेट असून नसल्यासारखं. त्यामुळे मुलाला सवड मिळाली की तो काकूकडे फोन लावायचा. आई आठवडाभर नगरपंचायतीच्या कचेरीत, आणि काकू सदा मशीनवर बसलेली, शेजारच्या स्टुलावर फोन उभा करून. मुलाने काय खाल्लं, साहेब काय बोलला, कुणाशी भांडण झालं, सगळं आधी तिथे पोचायचं. थोरलीच्या वाट्याला रविवारी उरलंसुरलं यायचं, आणि तेही मशीनच्या खडखडाटात.

“खांदे बघितलेत का वहिनी?” धाकटी पडद्याकडे वाकून म्हणाली. “अगदी ह्यांच्यासारखे भरलेत. काकावर गेलाय.”

मुलगा हसला. थोरलीही हसली, तोंडदेखलं. आम्ही नऊ महिने पोटात वागवायचा, आणि हा जायचा काकावर!

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं ऐकवलं. नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, “तिला कोण आहे दुसरं? बोलतो पोरगा, बोलू दे.”

“मला तरी कोण आहे दुसरं?” थोरली म्हणाली. वर्तमानपत्राचं पान तेवढं उलटलं.

कचेरीत तिला सगळे बाई म्हणत. जन्म-मृत्यूचे दाखले, पाण्याच्या तक्रारी, सभेचं इतिवृत्त, सगळं बाईंकडे. हात इतके लांब, की कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरची फाइल ती स्टूल न घेता काढायची. अध्यक्ष म्हणायचे, “बाई, तुम्ही निवृत्त झालात की आम्हाला आधी शिडी घ्यावी लागेल.”

अध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं. नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्या मंगळवारच्या सभेत तो निळा होता, आणि अध्यक्ष लालबुंद होते. गावात घरोघरी इंटरनेट यावं म्हणून केलेला अर्ज वरून परत आला होता. कारण काय, तर या गावात सेवा आधीच उपलब्ध आहे.

“कुठाय उपलब्ध? मला दाखवा!” अध्यक्ष ओरडले. “माझ्या दुकानातून एक फोटो पाठवायचा तर गिऱ्हाईक रंग घेऊन, भिंत रंगवून मोकळं होतं!”

त्यांनी कचेरीच्या फोनवरून वरच्या साहेबांना गाठलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. साहेब शांतपणे म्हणाले, नियमच तसा आहे. वस्तीत एका जरी घरात चांगल्या वेगाची लाइन चालू असेल तरी नकाशावर सगळी वस्ती जोडलेली धरतात. तुमच्याकडे तसं एक घर दिसतंय.

“एका घरासाठी अख्खं गाव?”

“ते घर रिकामं करायला सांगत नाही मी. लाइन बंद करायला सांगा. नकाशावरची खूण गेली की नवा अर्ज टाका.”

फोन ठेवल्यावर सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. ते घर कुणाचं हे गावात कुणाला सांगायची गरज नव्हती.

“अवघड आहे हो,” अध्यक्षांचा आवाज उतरला. “एकटी बाई. तिला कसं सांगायचं? आणि कोण सांगणार?”

“मी जाते,” थोरली म्हणाली. तिने चेहरा शक्य तितका जड केला होता. पण कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिची पावलं इतकी हलकी पडत होती, की तिची तिलाच लाज वाटली. थोडीशीच.

वाटेत तिने सगळं ठरवलं. धाकटी आधी रडेल. मग नवऱ्याची आठवण काढेल, त्यांनी ओढलेली केबल म्हणेल. मग आपण खांद्यावर हात ठेवायचा आणि समजुतीच्या सुरात म्हणायचं, अगं, गावाचं भलं आहे यात, एकट्याचं काय बघायचं?

धाकटी एका शाळकरी मुलीच्या गणवेशाला धावदोरा घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, आणि म्हणाली, “मग करा की बंद. सही कुठे करायची?”

थोरली बघतच राहिली. “अगं, पण विचार कर. किती महिने लागतील कुणास ठाऊक. तुझा साधा फोनसुद्धा त्याच लाइनवर आहे.”

“सगळ्या गावाला मिळणार असेल तर काय विचार करायचा, वहिनी? मी काय एकटीने तुमच्या सगळ्यांच्या वाटेत बसू?” मग तिने डबीचं झाकण लावलं. “फक्त पोराला नीट सांगा. तो लावत बसेल नाहीतर.”

ठरवून आणलेलं समजुतीचं बोलणं थोरलीला तसंच परत न्यावं लागलं. भांडायला जावं आणि समोरच्याने बसायला खुर्ची द्यावी, तसं झालं. त्याचाही तिला रागच आला. हिला चांगुलपणाही माझ्याआधी सुचतो!

रविवारी तिने मुलाला सांगितलं. आता काही महिने असं समोरासमोर बोलणं नाही. मी कचेरीत असते तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तिथल्या फोनवर लाव.

मुलाने मान डोलावली. मग म्हणाला, “मग काकू कशी राहील गं?”

आई कशी राहील, हे त्याच्या मनात आलं नाही. धाकटी तेव्हा चहा आणायला आत गेली होती. थोरलीने फोनचा पडदा पदराने पुसला, पुसायची काही गरज नव्हती तरी. “राहील,” ती म्हणाली. “माणसं राहतात.”

लाइन बंद झाली. आणि खरं सांगायचं तर पुढचे महिने थोरलीच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले.

जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी व्हायची. टेबलावरचा काळा फोन वाजायचा आणि पलीकडे फक्त तिच्यासाठी तिचा मुलगा असायचा. चेहरा दिसायचा नाही, पण आवाज सगळा तिचा. मनगट बरं झालं, खोली बदलली, नव्या खोलीत ऊन येतं, सगळं आता तिला आधी कळायचं. धाकटी संध्याकाळी कचेरीच्या दाराशी यायची, कापडाची पिशवी छातीशी धरून. “काय म्हणतो, वहिनी?”

“बरा आहे.”

“आणखी काय म्हणाला?”

“आणखी काय म्हणणार? कामात असतो.”

एकदा धाकटीने दुपारी येऊन बसू का, असं विचारलं. थोरली म्हणाली, “ये की. पण कचेरीचा फोन आहे गं, जो तो आपापली माणसं घेऊन बसायला लागला तर अध्यक्ष मलाच बोलतील.” धाकटी त्यानंतर दुपारची कधी आली नाही. अध्यक्षांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तर उलट जावेला खुर्ची दिली असती, चहाही मागवला असता.

मधे धाकटीने मुलाला एक शर्ट शिवून पाठवला. फिक्कट निळा, दोन खिशांचा. तो पोचला तेव्हा मुलाचा फोन आला. “आई, काकूला सांग, शर्ट मिळाला. खांद्यात मस्त बसलाय. बाह्या जरा आखूड झाल्यात, पण दुमडून रोज घालतो म्हणावं. सांग हं नक्की.”

“सांगते,” थोरली म्हणाली.

संध्याकाळी धाकटी दाराशी उभीच होती. “शर्टाचं काही बोलला का?”

सांगायला काय जात होतं? चार शब्द तर होते. पण आपण कोपऱ्यातल्या दुकानातून धाडलेल्या पायमोज्यांबद्दल मुलाने अजून चकार शब्द काढला नव्हता, हे थोरलीला नेमकं तेव्हाच आठवलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “पोचला नसेल अजून.”

पुढे धाकटीने आणखी एकदा विचारलं. मग विचारणं सोडून दिलं.

नवा अर्ज मंजूर झाला. रस्ते खणले गेले, केबलची भली मोठी रिळं कचेरीच्या आवारात येऊन पडली. अध्यक्ष रोज जाऊन त्यांच्यावर हात फिरवून यायचे. कचेरीच्या बाजूने काम सुरू झालं, त्यामुळे थोरलीच्या घरात जोडणी लवकर झाली. धाकटीची गल्ली शेवटच्या टोकाला. “जिने लाइन सोडली तिलाच उशीर, हे बरं दिसत नाही,” अध्यक्ष हळहळले. बाईंनी त्यावर इतिवृत्तातून मान वर केली नाही.

तो रविवार उजाडला. थोरलीने बैठकीची खोली झाडून काढली, खुर्ची उजेडाच्या बाजूला सरकवली, नवऱ्याला वर्तमानपत्रासकट दुसऱ्या खोलीत पाठवलं. कोपऱ्यातल्या नव्या लाइनच्या पांढऱ्या डबीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. इतक्या महिन्यांनी मुलाचं तोंड दिसणार होतं, तेही स्वतःच्या घरात, मशीनच्या खडखडाटाशिवाय.

फोन लागला. मुलगा समोर आला. अंगात निळा शर्ट होता.

“आई! किती स्वच्छ दिसतेस गं! काकू कुठाय?”

“ती तिच्या घरी. तिची जोडणी व्हायचीय अजून.”

“मग बोलाव ना तिला. मुद्दाम हा घालून बसलोय.” त्याने हात लांब करून दाखवले. दुमडलेल्या बाह्या कोपराच्या जरा खाली येऊन थांबल्या होत्या. “ती रागावलीय का माझ्यावर? शर्टाबद्दल पुढे काही कळवलं नाही तिने. तू सांगितलं होतंस ना?”

 मुलगा वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. आईवर संशय घेता येतो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“थांब,” ती म्हणाली. “तुला घेऊनच जाते तिच्याकडे.”

फोन समोर धरून ती चपला सरकवून निघाली. मुलगा बोलत होता, अंगणातलं झाड केवढं वाढलंय म्हणत होता. फाटकाशी आल्यावर त्याचा आवाज चिरका झाला, रस्त्यावर पाऊल टाकलं तसा चेहरा हलायचा थांबला, आणि मग पडद्यावर काहीच उरलं नाही. घरातलं इंटरनेट फाटकाबाहेर चालत नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. माणसाला घाईत सुचत नाही.

मागे वळली असती तर चार पावलांवर मुलगा पुन्हा दिसला असता. ती क्षणभर थांबली, आणि मग काळा पडलेला फोन हातात घेऊन तशीच पुढे चालत राहिली.

धाकटी मशीनवर होती. शेजारचं स्टूल रिकामं होतं.

“या वहिनी. लागला का फोन? दिसला का?”

“दिसला. शर्ट घातलाय त्याने.” थोरलीला धाप लागली होती. “बाह्या आखूड झाल्यात.”

“अगं बाई! आत्ता म्हणाला?”

हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं?

“नाही. मागेच म्हणाला होता. शर्ट मिळाला तेव्हाच. खांद्यात मस्त बसलाय म्हणाला, आणि दुमडून रोज घालतो म्हणाला. काकूला नक्की सांग म्हणाला होता.” तिने हातातला फोन पालथा केला. “मी सांगितलं नाही.”

मशीन थांबलं. धाकटीने सुईखालचं कापड सोडवलं, धागा तोडला. तिला बराच वेळ लागला त्या एवढ्याशा कामाला.

“मी ह्यांच्या मापावर बेतला होता,” ती शेवटी म्हणाली. “ह्यांचा जुना शर्ट खाली अंथरला आणि कापला. खांदे बघून वाटलं, सगळाच तसा झाला असेल.” तिने डोळ्यांना मनगट लावलं. “माप घ्यायला माणूस समोर नव्हता ना.”

 थोरली स्टुलाकडे गेली, पण बसली नाही.

धाकटीने गळ्यातली टेप काढली. “दुसरा शिवते. कापड आहे शिल्लक,” ती म्हणाली. “हात पुढे करा, वहिनी.”

“माझा?”

“मग कुणाचा? हात तुमचे आहेत त्याला. माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.”

थोरलीने फोन स्टुलावर ठेवला आणि हात पुढे केला. धाकटीने टेपचं टोक तिच्या खांद्यावर दाबून धरलं, तिचं कोपर जरा वाकवलं, आणि मनगटापर्यंत टेप ओढून नेली.  धाकटीने तिचा हात खालून धरला, आणि मनगटाशी टेपवर अंगठा ठेवून आकडा बघण्यासाठी खाली वाकली.