सौनाच्या खोलीतली वीज

दर रविवारी दुपारी बाराला रेइनो कांगास मिशिगनमधल्या आपल्या घरातून अलास्कातल्या थोरल्या भावाशी, ऊर्होशी, बिनतारी रेडिओवर बोलायचा. तिकडे तेव्हा सकाळचे आठ. ऊर्होला कमी ऐकू यायचं, फोनवरचं कळत नसे; हेडफोन लावून रेडिओ तेवढा ऐकू यायचा. पण गेल्या रविवारी रेइनो हाका मारत असताना त्याचा आवाज तिकडे पोचलाच नाही; ऊर्हो म्हणाला, “आज कोणी नाही वाटतं,” आणि त्याने रेडिओ बंद केला.

रेइनोने आवाज लांब पोचवणारा जुना पॉवर अ‍ॅम्प्लिफायर विकत आणला आणि स्वयंपाकघरातल्या एकशेवीस व्होल्टच्या सॉकेटला लावून पाहिला. तीन शब्दांत ब्रेकर पडला आणि वीज गेली.

अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट व्होल्टवरही चालणारा होता, पण घरात दोनशेचाळीस व्होल्ट एकाच ठिकाणी होते: सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या खोलीतल्या, भट्टीला.

“माझ्या सौनाला हात लावायचा नाही,” बायको लेम्पी म्हणाली. “शनिवारची अंघोळ चुकवून तुमच्या गप्पा?”

“अगं, अंघोळ शनिवारी, गप्पा रविवारी!”

“कपडे बदलायच्या खोलीत बस. आत नाही,” लेम्पी म्हणाली.

वायरिंग करणारी डार्लीन आली. तिने तिथे सॉकेट बसवलं आणि एक खटका: भट्टी तरी चालेल, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर.

“दोनशेचाळीसनं काय फरक पडणार?” लेम्पीने विचारलं.

“पोतं एका हातानं उचललं तर सगळा भार त्याच हातावर. दोन्ही हातांनी उचललं तर प्रत्येकावर अर्धा. दोनशेचाळीसमध्ये एकशेवीसच्या दोन तारा मिळून ओढतात.” मग ती रेइनोकडे वळली. “अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या पट्ट्या बदलल्यास ना?”

“प्लग बदललाय की नवा!”

“प्लगचं नाही विचारलं, बाबा. झाकण काढ.”

आत तांब्याच्या पट्ट्या अजून एकशेवीसच्याच जागी होत्या. तसंच चालू केलं असतं तर ट्रान्सफॉर्मर जळून गेला असता. झाकणाच्या आतल्या आकृतीत पाहून रेइनोने पट्ट्या हलवल्या. डार्लीनने प्रत्येक स्क्रू ओढून पाहिला.

रविवारी बाराला तो टॉवेलांच्या खुंट्यांखाली बसला आणि त्याने भावाला हाक मारली. दिवा जरासा मंदावला, पण ब्रेकर पडला नाही. मग नुसती खरखर. लेम्पी दारात उभी होती.

“रेइनो,” खरखरीतून आवाज आला, “ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहे?”

मग अर्धा तास दोघे दुखऱ्या गुडघ्यांबद्दल बोलले.