समीक्षाचं म्हणणं

दुपारची भांडी आवरली की शालूबाई बंगल्याच्या मागच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसत. लोणावळ्यातल्या त्या बंगल्यात त्या स्वयंपाकाला होत्या. मालकीणबाईंनी वाचायला दिलेली रहस्यकथा त्यांना भलतीच आवडली होती. त्यातली बायको किल्ल्या हरवायची, गॅस चालू ठेवायची आणि नवरा बिचारा सगळं सोसायचा. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे शालूबाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी पान उलटलं आणि कळलं, की किल्ल्या नवराच लपवत होता. गॅसही तोच चालू ठेवत होता. लिहिणाऱ्यानं आपल्याला काय फसवलं, म्हणून शालूबाई एकट्याच हसल्या. पुढचं वाक्य वाचता वाचता ते हसू विरलं.

त्यांची लेक समीक्षा हेच तर सांगत होती.

बेगडेवाडीला दिलेली समीक्षा तीन वर्षांत दोनदा कुरवंड्याला माहेरी निघून आली होती. "आई, मी मंगळसूत्र कपाटात ठिवलं व्हतं. ते तांदळाच्या डब्यात सापडलं. मी तितं ठिवलंच न्हाई." दोन्ही वेळा मागोमाग जावई, संदेश, आला. "मामी, हिला हल्ली काही आठवत नाही. मी सांभाळून घेतो," असं गोड बोलला. आणि दोन्ही वेळा शालूबाईंनीच लेकीची पिशवी भरून दिली. "डोकं ठिकाणावर ठेव. नांदायचं बघ," असं वर बजावलं.

पुस्तक तसंच टाकून त्या बेगडेवाडीला गेल्या. समीक्षा घरी एकटीच होती. ओट्यावरच्या भिंतीला कागदाचे कपटे चिकटवलेले होते. त्यांवर समीक्षाचं अक्षर: गॅस बंद केला. दूध झाकलं. कडी लावली. प्रत्येकावर वेळ लिहिलेली.

"चल घरी," शालूबाई म्हणाल्या.

"नको आई. मीच येडी हाय. ते हायेत म्हनून मला ठिवून घेतलंय."

शालूबाईंनी तिला पुस्तकातलं सगळं सांगितलं. समीक्षानं ते ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजी पुस्तकातल्या बाईचं तुला पटलं. माजं न्हाई पटलं."

शालूबाईंनी लेकीचे कपडे गोळा केले आणि तिला घेऊन निघाल्या.

चौथ्या दिवशी कुरवंड्यात बैठक बसली. संदेशचे चुलते केरबा म्हणाले, "भाऊ, पोरगी नांदायला धाडा. गावात तोंड दाखवायचंय का न्हाई?" समीक्षाचे वडील हौशीराम मान खाली घालून पुटपुटले, "जाऊ दे तिला."

बैठकीत बायका बोलत नसत. शालूबाई चौकट ओलांडून बाहेर आल्या. "न्हाई जायाची ती."

"मामी, मी काय केलं त्याचा पुरावा आहे का?" संदेशनं शांतपणे विचारलं.

"माजी लेक सांगती, यवडं बास हाय मला."

दुसऱ्या दिवशी त्या समीक्षाला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. टेबलामागच्या हवालदार बाईंनी कागद पुढं ओढला. "काय काय झालं, सांग बाळ."

समीक्षा आईकडे वळली. "तूच सांग. माजं मलाच खरं वाटत न्हाई."

शालूबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"ताई, आदी माजी चूक लिवा," त्या म्हणाल्या. "पोर सांगत व्हती, आन मी तिला दोनदा परत धाडली."