निरोप पोचल्याशिवाय

साहेबांनी कागद पुढे सरकवला. ऑपरेटरने फोन कानाला लावण्याआधी तो मनातल्या मनात वाचला. ‘आमचं फाटक साडेअकराला बंद होत आहे. यापुढे कोणासही प्रवेश नाही.’

“पण साहेब, पुलापलीकडचे तर त्यांचं फाटक बाराला बंद करणार होते ना?”

“म्हणूनच! करार त्यांच्या नव्या सरकारनं मोडला आणि आपण तोंडात मारल्यासारखं बघत बसायचं? आधी आपण.”

दोन्ही देशांची चाळीस वर्षांची दोस्ती. तिकडे निवडणूक काय झाली, महिनाभरात दूध नासावं तशी नासली. पुलाच्या दोन टोकांवरचे दोन ऑपरेटर मात्र रोज फोनवर बोलता बोलता व्याही झाले होते. इकडच्याची लेक तिकडच्याची सून. तिला आठवा महिना होता, आणि नव्या कायद्याने परकी ठरल्यामुळे तिकडचा दवाखाना तिला दारात उभं करत नव्हता. आज ती माहेरी निघाली होती.

खिडकीतून पूल दिसत होता. पार पलीकडून एक बाई कमरेवर हात ठेवून, थांबत थांबत येत होती. बापाने चालीवरून ओळखलं.

पुलाचा नियम जुना. निरोप पलीकडच्याने शब्दन्‌शब्द परत म्हणायचा, अलीकडच्याने ‘बरोबर’ म्हणायचं, मगच फाटक पडायचं. त्याने फोनवर निरोप वाचला.

“ऐकू येत नाही,” व्याही म्हणाले. “पुन्हा सांगा.”

लाइन इतकी स्वच्छ होती की तिकडच्या पंख्याची घरघरही कानात येत होती. त्याने पुन्हा वाचलं, जरा सावकाश.

“पुन्हा सांगा.”

“बहिरा आहे का तो?” साहेब कडाडले. “ओरडून वाचा!”

तो ओरडला. ती अर्ध्यावर येऊन कठड्याला धरून उभी राहिली होती. चल गं बाई, चल. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पाचव्या खेपेला तिकडे खुर्ची सरकली. कोणीतरी व्याह्यांना दरडावलं आणि एक अनोळखी, तरुण आवाज फोनवर आला. त्याने निरोप घडाघडा परत म्हटला, तोही एवढ्या मोठ्याने की साहेबांनाही ऐकू गेला.

साहेबांचं बोट फाटकाच्या बटणावर गेलं. “हं, म्हणा बरोबर.”

तीस वर्षांच्या नोकरीत ऑपरेटरने कुठल्या साहेबासमोर ब्र काढला नव्हता. त्याने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “पुन्हा सांगा.”