करवत वाजली की यायचं

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो. किती जुनी, ते विचारू नका. वय विचारलेले मला मुळीच आवडत नाही. माझे पाते चांगल्या पोलादाचे आहे आणि मूठ सफरचंदाच्या लाकडाची. ती मूठ एकाच माणसाच्या हाताने घासून इतकी गुळगुळीत झाली आहे, की दुसऱ्या कोणाच्या हातात मी नीट बसतच नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथे मला तापवले, ठोकले, माझे दाते पाडले आणि एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवले. मग अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगराळ मुलखातील एका दुकानात मला खिळ्याला टांगले. एके दिवशी ओरिन नावाचा तरुण सुतार दुकानात आला. त्याने माझी मूठ पकडली, दुसऱ्या हाताने माझे टोक वाकवले आणि बोटांच्या पेरांनी मला टकटक केले. मी गायले. होय मित्रांनो, चांगल्या पोलादाची करवत गाते. लांब, थरथरणारा, जरासा रडवेला सूर असतो तो.

ओरिन खूश झाला. पण सोबत त्याची नवी नवरी व्हर्ना होती. ती म्हणाली, "अरे, तू करवत घेतोयस की बाजा?"

"दोन्ही," ओरिन म्हणाला आणि मला घरी घेऊन आला.

मी त्याच्याबरोबर दारे कापली, फळ्या कापल्या, गोठ्यांचे वासे कापले. पण माझा खरा सण डिसेंबरात असे. गावाच्या वर सरकारी जंगल आहे. तेथे परवाना काढून नाताळचे झाड आपल्या हाताने कापून आणायचे, अशी आमच्याकडची रीत. एका परवान्याला एक झाड. कापायचे तेही अगदी जमिनीलगत, आणि घरी नेण्याआधी परवान्याची पट्टी त्याला बांधायची.

ऐकायला सोपे वाटते ना? मग तुम्ही या लोकांना ओळखत नाही. जंगलात पाऊल टाकले की यांना प्रत्येक झाड एका बाजूने टकले दिसते आणि पुढचे झाड याहून छान दिसते. पुढच्या झाडापाशी गेले की त्याच्याही पुढचे. व्हर्ना एकीकडे, मुलगी रोंडा दुसरीकडे, ओरिनचे भाऊ आणखी कुठे. आणि प्रत्येक जण ओरडतोय, "सापडलं! इकडे या!" बर्फात आवाज कुठून येतो ते कळत नाही. सगळे फिरफिर फिरत आणि शेवटी भांडत.

म्हणून ओरिनने एक नियम केला. "ओरडण्यावर कोणी यायचं नाही," तो म्हणाला. "कोणी कितीही बोंबललं तरी नाही. सगळी झाडं मी बघेन, एक ठरवेन आणि त्याच्यापाशी करवत वाजवेन. करवत वाजली की यायचं. आणि करवत वाजली की वाद संपला."

आणि खरेच वाद संपत असे. वाळक्या फांदीने माझ्यावर टोला पडला, की माझा सूर झाडांमधून दूर जाई आणि सगळे हसत, धडपडत, गुडघाभर बर्फातून येऊन उभे राहत. छोटी रोंडा नाक पुसत म्हणे, "माझंच जास्त चांगलं होतं." पण ते फक्त म्हणण्यापुरते. मला त्या दिवसांत फार मान होता, मित्रांनो.

मग दिवस पालटले. ओरिनचे काम थांबले आणि मी गॅरेजच्या भिंतीवर गेले. वर्षानुवर्षे कोणी तेल लावीना. पात्यावर गंजाचे ठिपके आले. ओरिनच्या डोक्यातही काही तरी तसेच होत होते. तो चष्मा फ्रिजमध्ये ठेवू लागला. रोंडाला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागला. अंगणात जाई आणि परत यायचे विसरे.

गेल्या डिसेंबरात रोंडा शहरातून आली, तेव्हा मायलेकींची स्वयंपाकघरात चांगलीच जुंपली. गॅरेजचे दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

"मॉम, डॅडला जंगलात न्यायचं नाही. तो कुठे भरकटला तर?"

"आपण दोघी आहोत की. त्याच्याशिवाय झाड आणायचं म्हणजे काय? वर्षभर खुर्चीत बसून असतो गं तो."

"आणि बर्फात हरवला तर तू मला तोंड दाखवशील?"

"दाखवेन," व्हर्ना म्हणाली. तशी ती हट्टी आहे.

इतक्यात ओरिन गॅरेजमध्ये आला. त्याने मला खिळ्यावरून काढले आणि गाडीत पुढच्या सीटवर मला मांडीवर घेऊन बसला. रोंडाने नवी लाल, दुमडती करवत विकत आणली होती. भारी नखरेल बाई ती करवत. "डॅड, ते गंजकं ठेव ना घरी," रोंडा म्हणाली. ओरिनने ऐकलेच नाही.

"असू दे," व्हर्ना म्हणाली. "ते धरून बसला तर जागचा हलायचा तरी नाही."

जंगलात पोचल्यावर मात्र व्हर्नाला भीती वाटली, की हा पडेल आणि मी त्याला लागेन. तिने मला हळूच त्याच्या हातातून काढून घेतले. त्याचे हात रिकामे झाले. मला ते आवडले नाही, पण करवतीला कोण विचारतो?

शनिवार होता. कितीतरी कुटुंबे आली होती, घसरगाड्या ओढल्याच्या खुणा सगळीकडे होत्या. आमच्या मायलेकी एका झाडापाशी थांबल्या आणि नेहमीचे सुरू झाले.

"हे बघ, हे छान आहे."

"मॉम, हे एका बाजूनं टकलं आहे. ते पलीकडचं बघ."

"ते छतापर्यंत जाईल. बर्फाच्या खाली अजून केवढं आहे ते धरलंस का?"

दोघींनी पुढचे झाड पाहिले, मग त्याच्याही पुढचे. मग व्हर्नाने मागे वळून विचारले, "ओरिन, तुला कुठलं आवडतं?"

ओरिन नव्हता.

दोघी आल्या वाटेने परत गेल्या. त्याच्या बुटांचे ठसे इतरांच्या ठशांत मिसळले होते. वरून बर्फ पडू लागला आणि ते ठसेही भरू लागले. "डॅड!" रोंडा ओरडली. "ओरिन!" व्हर्ना ओरडली. दूर कुठे दुसरीच मुले हसत होती. रोंडाचा फोन तेथे लागेना. आमच्याकडे डिसेंबरात दिवस लवकर मावळतो, आणि उजेड कमी होत चालला होता. अशा थंडीत म्हातारा माणूस रात्र काढू शकत नाही. ते दोघींनाही ठाऊक होते.

"मी रस्त्यापर्यंत पळत जाते, कोणाला तरी आणते," रोंडा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तू ओरडत राहा. मॉम, मी सांगितलं होतं ना तुला? सांगितलं होतं ना!"

व्हर्ना पुन्हा ओरडायला लागली आणि मध्येच थांबली. मला वाटते, तेव्हाच तिला ते आठवले.

"ओरडण्यावर कोणी यायचं नाही," ती पुटपुटली.

"काय?"

"तो येणारच नाही गं ओरडण्यावर. त्यानंच तर सांगितलं होतं." तिने हातमोजा दातांनी ओढून काढला. मला मुठीत धरले, टोक छातीशी दाबून वाकवले. रोंडाने वाळकी फांदी मोडून माझ्यावर टोला दिला.

मित्रांनो, मला भीती वाटली. गंजलेले पाते, वर्षानुवर्षे न गायलेले. पहिला टोला अगदी बद्द वाजला. मी शरमले. व्हर्नाने मला आणखी वाकवले. दुसरा टोला पडला आणि माझ्यातून तो जुना सूर निघाला. तिसरा, चौथा. त्या वाजवत राहिल्या आणि मी जिवाच्या आकांताने गात राहिले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मग डावीकडची फांदी हलली, तिच्यावरचा बर्फ धपकन खाली पडला आणि ओरिन बाहेर आला. भुवया पांढऱ्या, एक हातमोजा गायब, आणि चेहऱ्यावर चक्क राग.

"किती वेळ लावलात!" तो म्हणाला. "केव्हाचा वाट बघत उभा होतो तिकडे. सापडलं का?"

व्हर्नाने त्याच्या खांद्यांवरचा बर्फ झटकला. रोंडाने त्याला मिठी मारली आणि लहान मुलीसारखी रडू लागली.

"डॅड, आम्ही केवढ्या हाका मारल्या!"

"जंगलात सगळेच ओरडतात," ओरिन म्हणाला. "मी करवतीची वाट बघत होतो. बघू, कुठलं झाड?"

दोघींनी मागे वळून पाहिले. ज्याच्यापाशी त्या उभ्या होत्या ते झाड वाकडे होते. एका बाजूला फांद्याच नव्हत्या. रोंडा तोंड उघडणार, तेवढ्यात व्हर्ना म्हणाली, "हे."

ओरिनने त्याच्याभोवती एक फेरी मारली. "हे? याला तर टक्कल पडलंय."

"करवत वाजली ना?"

"वाजली," तो म्हणाला. "मग हेच."

रोंडाने त्याच्या उघड्या हातात आपला हातमोजा घातला. घाईने निघावे असे तिला वाटत होते, पण तिने मला मुकाट्याने त्याच्या हातात दिले. तो गुडघ्यांवर बसला, हातांनी बर्फ बाजूला केला, अगदी जमीन लागेपर्यंत. त्याचा हात थरथरत होता. पहिली ओढ घेतली आणि थरथर थांबली. ती मूठ, तो हात. आम्ही दोघे एकमेकांना विसरलो नव्हतो. लाल करवत रोंडाच्या खिशात दुमडूनच राहिली, हे सांगायला मला थोडा आनंद होतो.

गाडीत बसल्यावर व्हर्नाने थर्मासमधला गरम कोको त्याला पाजला आणि रोंडाने हीटर पूर्ण वर केला. सगळ्यांना नुसता श्वास घ्यायचा होता, इतके हायसे वाटत होते.

ते वाकडे झाड घरात उभे राहिले. टकली बाजू भिंतीकडे केली. आल्यागेल्याने त्याला नावे ठेवली, पण आमच्या घरातल्या कोणी एक शब्द काढला नाही.

आता मी गॅरेजमध्ये नसते. रोंडाने माझा गंज घासून काढला, कानशीने दात्यांना धार दिली, तेल लावले, आणि मागच्या दाराशी, कोटांच्या शेजारी मला टांगले. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काही तरी जुने पडलेले असेल. ते भंगारात द्यायच्या आधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि थोडा वेळ शेजारी बसा. काय होते ते पाहा. आणि कृपा करून, ओले पाते पुसून ठेवत जा.

ओरिन अजूनही अंगणात जातो आणि परत यायचे विसरतो. व्हर्ना आता ओरडत नाही. ती दार उघडते, मला खिळ्यावरून काढते, वाकवते आणि लाकडी चमच्याने टोला देते. थोड्या वेळाने बुटांचा आवाज येतो आणि तो दारात उभा राहतो.

"सापडलं का?" तो विचारतो.

"हो, सापडलं," व्हर्ना म्हणते. "ये आत. बूट काढ."