दुरुस्त केलेला पासपोर्ट

मी एक पासपोर्ट बोलतोय. पण जरा हळू बोलतो. याच कप्प्यात शेजारी नवा पासपोर्ट आहे. त्याला अजून कशाचीच लाज वाटत नाही, आणि माझी गोष्ट त्याच्या कानावर जावी इतका माझ्यात धीर नाही.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. तिथे आम्ही हजारोंनी जन्मतो. सगळे कोरे, सगळे निनावी. मग एके दिवशी एका यंत्राने माझ्या पानावर एका मुलीचा फोटो उमटवला, शेजारी तिचं नाव, तिच्या वडिलांचं आडनाव, जन्मतारीख छापली आणि वर पातळ चकचकीत पापुद्रा चढवला. त्या क्षणापासून मी कुणाचा तरी झालो.

मुलगी तेव्हा बावीस वर्षांची. फोटोत हसायचं नाही असं फोटोवाल्याने बजावलेलं, म्हणून तिने हसू असं काही दाबून धरलंय की पान उघडताच फुटेल असं वाटावं. टपालाने घरी पोचलो तेव्हा तिने दारातच पाकीट फाडलं.

“बाबा, बघा तरी! तुमचं आडनाव किती भारदस्त दिसतंय यात.”

“अगं, थांब. चष्मा कुठे ठेवलाय मी?” असं म्हणत त्यांनी सारं घर पालथं घातलं. चष्मा कपाळावरच होता.

ते पुढच्याच वर्षी गेले. त्यानंतर त्यांचं नाव असलेले कागद एकेक करून कमी होत गेले. फोन दुसऱ्याच्या नावावर झाला, दारावरची पाटी बदलली. मी तेवढा होतो तसाच राहिलो. ती मला कधीमधी कपाटातून काढायची, पान उघडायची आणि ते आडनाव वाचून परत ठेवायची. प्रवासाला न्यायची गरजच नव्हती. माझं काम चालू होतं.

मग लग्न झालं, आणि साड्यांच्या घडीत दडून मीही सासरी आलो.

तिचे सासरे म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. कचेरीने त्यांना सोडून चार वर्षं झाली होती, पण त्यांनी कचेरीला सोडलं नव्हतं. गॅसचा सिलिंडर लावला की ते कॅलेंडरवर तारीख टाकत आणि खाली सही करत. अक्षर मात्र असं, की नुसतं बघत बसावं. लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी ते तिला म्हणाले, “सूनबाई, तुझा पासपोर्ट इकडे दे. घरातले कागद एका हातात असले की हरवत नाहीत.”

तिने दिला. नव्या नवरीने नाही म्हणायचं तरी कशाला? दिला आणि हात मागे घेताना क्षणभर थांबली, एवढंच. मी त्यांच्या रेक्झिनच्या फाइलमध्ये गेलो. तिथे तिच्या नवऱ्याचा, सासूचा आणि सासऱ्यांचा असे तिघे आधीच बसलेले. तिघांचं आडनाव एक. मी चौथा, पाहुणा.

चार-पाच महिन्यांनी घरात परदेशी सहलीची टूम निघाली. सासूबाईंनी आयुष्यात विमान खालूनच पाहिलेलं. प्रवासी कंपनीकडे नावांची यादी सासऱ्यांनी पाठवली, अर्थातच स्वतःच्या अक्षरात, आणि सुनेच्या नावापुढे आपलं आडनाव लावून. तिकिटं तशीच आली. सोबत सूचनांचा कागद आला, तो त्यांनी कचेरीच्या परिपत्रकासारखा वाचला. पासपोर्टची मुदत अजून सहा महिने हवी. होती. फळं, बिया, झाडाची रोपं नेऊ नयेत. सासूबाईंच्या पिशवीतून तुळशीच्या बियांची पुडी बाहेर काढण्यात आली, त्यावर अर्धा तास वाद झाला. चौथी सूचना अशी होती: तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे.

त्यांनी मला उघडलं. जुळत नव्हतं.

आता दुसऱ्या कुणी प्रवासी कंपनीला फोन केला असता. पण तिकीट छापील होतं, आणि बत्तीस वर्षांत त्यांनी नोंदवहीतली चूक कशी दुरुस्त करायची ते शेकडो कारकुनांना शिकवलं होतं. गिरवायचं नाही. खोडरबर नाही. पट्टी धरून एकच रेघ, वर बरोबर मजकूर, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. माझ्या पापुद्र्यावर साधं पेन चालेना, तेव्हा ते बाजारात जाऊन प्लास्टिकवर लिहिणारं बारीक पेन घेऊन आले. आधी डब्याच्या झाकणावर सराव केला. मग चष्मा पुसला, श्वास रोखला आणि माझ्यावर पट्टी टेकवली.

इथेच माझं पाप आहे. मला बोलता येत नव्हतं हे खरं, पण मला वाईटही वाटलं नाही. इतकं सुंदर अक्षर माझ्या अंगावर याआधी कुणी लिहिलं नव्हतं. शिवाय फाइलीतल्या तिघांसारखं माझंही आडनाव झालं. मी चक्क फुशारलो. जे नाव सांभाळायला मी तिच्या कपाटात इतकी वर्षं पडून होतो, त्यावरून रेघ गेली आणि मी नटल्यासारखा मिरवत बसलो.

विमानतळावर सासरे फाइल गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे. काउंटरवरच्या मुलीने तीन पासपोर्ट पाहिले, परत दिले. मला उघडलं आणि तिचा हात तसाच राहिला. तिने नखाने माझं पान खरवडून पाहिलं.

“हे काय आहे?”

“दुरुस्ती,” सासरे म्हणाले. “चार नंबरच्या सूचनेप्रमाणे.”

तेव्हा सूनबाई पुढे वाकली. पाच महिन्यांनी तिने मला पाहिलं. आधी तिला काही कळलंच नसावं. मग तिची नजर त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे गेली, अगदी सावकाश. माझ्यातलं सगळं मिरवणं तिथल्या तिथे गळून पडलं.

आम्हाला काचेच्या एका खोलीत नेलं. इमिग्रेशनचे अधिकारी केस पांढरे झालेले, कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांनी मला दिव्याखाली धरलं.

“कुणाचं काम हे?”

“माझं,” सासऱ्यांनी ताठ मानेने सांगितलं. “बाजूला आद्याक्षरं आहेत, साहेब.”

“आजोबा, हा गुन्हा आहे. कळतंय का?”

“खाडाखोड नाही त्यात! नियमाप्रमाणे एकच रेघ आहे.”

साहेबांनी तोंडावरून हात फिरवला. हसू पुसलं की वैताग, कोण जाणे. “ज्याला फसवायचंय तो बाजूला सही करून तारीख टाकत नाही, म्हणून तुम्हाला घरी जाऊ देतोय. माफीचा अर्ज लिहून द्या. पासपोर्ट मात्र खराब झाला. या बाईंना जाता येणार नाही.” मग ते तिच्याकडे वळले. “यांनी तुम्हाला विचारलं होतं?”

नवरा जमिनीकडे पाहत होता. सासरे मात्र तिच्याकडे पाहत होते. हा प्रश्न आपल्याला सुचलाच नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर मी उमटताना पाहिलं.

“पासपोर्ट बाबांकडे असतो,” ती म्हणाली.

एवढंच. खोटं नव्हतं आणि चहाडीही नव्हती. पण सासऱ्यांची ताठ मान खाली गेली.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “आपण कुणीच नको जायला.”

“मी जाणार,” सासूबाई म्हणाल्या. “कॅलेंडरवर सह्या केल्यात, दिव्याच्या बिलावर केल्यात, मी चकार शब्द काढला नाही. आता पोरीच्या नावावर? अहो, माणूस आहे ती, रजिस्टर नाही.” मग त्यांचाच आवाज चिरकला. “पण मला विमानात बसायचंय गं.”

“तुम्ही जा आई,” सून म्हणाली. “आणि तू सोबत जा. त्या एकट्या कशा जातील?” नवरा गेला, चार वेळा मागे वळून पाहत गेला, पण गेला. सासऱ्यांचा पासपोर्ट धडधाकट होता, तरी ते म्हणाले, “मी कुठल्या तोंडाने जाऊ?”

म्हणून ज्याने चूक केली तो आणि जिच्यावर झाली ती, असे दोघेच टॅक्सीतून परत आले. टॅक्सीवाल्याने विचारलं, “कशी झाली ट्रिप?”

पुढचे आठ दिवस त्या घरात शांतता अशी, की माझी पानं फडफडली तरी ऐकू यावीत. ती चहा करायची, ते कप स्वतः धुऊन ठेवायचे. त्यांनी कधी कप धुतला नव्हता. तिसऱ्या दिवशी ते तिच्या दाराशी आले, आत न येता फाइल उंबऱ्याजवळ टेकवली.

“तुझा पासपोर्ट.” मग फाइल बोटाने थोडी आत सरकवली. “मला वाटलं, मी चूक दुरुस्त करतोय.”

“ती चूक नव्हती, बाबा. ते माझ्या वडिलांचं नाव होतं.”

त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. त्या दुपारी ते जेवले नाहीत. तिने पान वाढून झाकून ठेवलं, आणि झाकणाचा जरा जास्तच आवाज केला. राग होताच. तो कपासारखा धुऊन निघणारा नव्हता.

सातव्या दिवशी दोघं नव्या पासपोर्टच्या अर्जासाठी कचेरीत गेले. अर्ज घेऊन सासरे बाकावर बसले, सवयीने पेन काढलं. नावाच्या चौकटींपाशी पेन अडलं.

“कोणतं आडनाव?” त्यांनी विचारलं. या घरात आल्यापासून तिला हे पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

“इकडे द्या. मी भरते.”

तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिने गुडघ्यावर अर्ज ठेवून एकेक अक्षर कोंबलं, आणि शेवटची दोन चौकटीबाहेर गेली. वडिलांचंच आडनाव. सासरे पूर्ण वाचून होईपर्यंत थांबले. मग त्यांनी अर्ज उचलला, दोन्ही हातांनी, ओला असल्यासारखा, आणि तिच्यासोबत रांगेत उभे राहिले.

माझा कोपरा कातरला गेला. जन्मभर मला एकच शिक्का मिळाला: रद्द.

आता मी तिच्या कप्प्यात असतो. कधीतरी ती मला उघडते, त्या रेघेवर बोट ठेवते आणि मिटते. मला माफ केलं की नाही, ते ती सांगत नाही. गप्प माणसांची हीच तऱ्हा. लाजून तोंड लपवावं म्हणतो, पण माझ्याकडे तोंड आहे ते फोटोतलं तिचंच, हसू दाबून धरलेलं. तेव्हा मी एवढंच करतो: उघडलं की तिच्याकडे बघतो, आणि मिटेपर्यंत नजर काढत नाही.