कमलबाईंचा काळा मसाला

अमळनेरच्या बसस्टँडमागे हिलालभाऊंची खानावळ होती. पाटीवर भाऊंचं नाव असलं, तरी लोक जेवायला यायचे ते त्यांच्या बायकोच्या, कमलबाईंच्या हातच्या शेवभाजीसाठी. शेवभाजीचा जीव काळ्या मसाल्यात आणि मसाल्याचा जीव कमलबाईंच्या नाकात. वैशाखात वर्षभराचा मसाला व्हायचा. लोखंडी कढईत खोबरं भाजताना बाई डोळे मिटून बसायच्या, वास फिरला की म्हणायच्या, "उतार." सून दिपमाला तत्क्षणी कढई उतरवायची. एक श्वास उशीर झाला तर खोबरं कडू, आणि मग वर्षभर रस्सा कडू. पुढचं सगळं बाई उखळात स्वतः कुटत. गिरणीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, आणि ते त्या गिरणीवाल्याला तोंडावर सांगतही.

एका पौषात त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास येईनासा झाला. भरताची वांगी तुरीच्या काड्यांवर भाजून काळी झाली, तरी नाकाला पत्ता नाही. बहिणीकडे जाते असं सांगून त्या धुळ्याला डॉक्टरकडे जाऊन आल्या. येईल कदाचित परत, नाहीही येणार, असं म्हणून त्याने हात झटकले. घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. वास गेला म्हटल्यावर त्या घरात आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं. भीतीच वाटली त्यांना, दुसरं काही नाही.

वैशाख आला. बाई नेहमीसारख्या डोळे मिटून बसल्या, पण पापण्यांच्या फटीतून खोबऱ्याचा रंग बघत राहिल्या. अंदाजाने म्हणाल्या, "उतार." दिपमालाने उतरवलं आणि काही बोलली नाही. त्या घरात रांधणारीच्या तोंडावर अन्नाला नावं ठेवायची नाहीत, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची शिस्त होती. मसाला कुटला, बरणी भरली. फोडणी आता दिपमालाच टाकायची, बाई भरीत आणि भाकरी बघायच्या. गिऱ्हाईक बोटं चाटत होतं. नाक गेलं तरी हाताला सगळं ठाऊक आहे, अशी बाईंची खात्री झाली. कित्येक महिन्यांनी त्यांना पोटभर जेवण गेलं.

मार्गशीर्षात दिपमाला माहेरी धरणगावला गेली. दुपारच्या शेवभाजीसाठी बाईंनी स्वतः बरणी उघडली आणि चिमूट घेतली. चिमूट बोटांतून पिठासारखी भुरभुरली. त्यांचा मसाला असा नव्हता. उखळातला मसाला जाडसर असायचा, खोबऱ्याच्या तेलाने बोटांना चिकटायचा. हा कोरडा होता, मैद्यासारखा मऊ. गिरणीचा. बाजारातला.

त्यांनी त्याच मसाल्याची भाजी केली. उखर्डू आबा कोपऱ्यातल्या बाकावर जेवत होते. हिलालभाऊंच्या लग्नाआधीपासूनचं गिऱ्हाईक, चवीचे इतके पक्के की मीठ कणभर कमी पडलं तरी वाटी सरकवायचे. बाई भाकरी घेऊन गेल्या आणि विचारलं,

"मसाला कसा शे औंदा, आबा?"

"तुना हातना शे, कमल. लगेच समजस," आबा म्हणाले आणि आणखी रस्सा मागितला.

गल्ल्यावर हिलालभाऊंनी मान खाली घातली. बाईंनी ते बघितलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्या त्यांच्यासमोर बसल्या. मग भाऊंनी सगळं सांगितलं. वैशाखातला मसाला पहिल्याच दिवशी कडू लागला होता. बाईंना वास येत नाही हे घरात तेव्हाच कळलं. त्यांनी आणि सुनेने बरणी नाल्यात रिकामी केली आणि बाजारातून मसाला आणला. मग बायकोला धीर द्यावा म्हणून भाऊ हळूच म्हणाले,

"तू काळजी करू नको. कोनलेच समजनं नही."

एवढं भाऊंनी बोलायला नको होतं. फसवल्याबद्दल बाईंनी नवऱ्याला माफ केलं असतं, पण आबांनी रस्सा मागून घेतला होता. सगळी हयात चुलीपुढे डोळे मिटून बसलेली बाई, आणि तिचा मसाला गेल्याचं कोणालाच कळलं नाही.

पुन्हा वैशाख आला. भाऊंनी खोबरं आणून ठेवलं. बायको रिकामी बसलेली त्यांना बघवत नव्हती. कमलबाई कढईपुढे बसल्या आणि या वेळी त्यांनी डोळे खरोखर मिटले. दिपमाला चिमटा धरून वाट बघत उभी राहिली. खोबरं तडतडत होतं. उतार म्हटलं काय आणि न म्हटलं काय, बरणी नाल्यातच जायची होती. बाई काहीच बोलल्या नाहीत.