झुरळांच्या साईटवरचा विनीत

लालबागमधल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये गुरुवारी संध्याकाळी दीडशे माणसं चपला बाहेर काढून, हात जोडून, झुरळं मारणाऱ्या एका धंद्याच्या वेबसाईटसमोर बसली होती. भिंतीवर पडदा, पडद्यावर 'उत्तम पेस्ट कंट्रोल' आणि त्याखाली सहाही पाय वर करून पडलेलं एक झुरळ. त्या झुरळाला कुणीतरी चाफ्याचं फूल वाहिलं होतं. ते पडद्यावर टिकेना, म्हणून चिकटपट्टी लावली होती.

"शरीर म्हणजे मोबाईल," लवूनाथ महाराज समजावत होते. "आत्मा म्हणजे सिमकार्ड. मोबाईल फुटला म्हणून नंबर बंद होतो का? होत नाही. दुसऱ्यात घाला, चालू."

या विषयात महाराजांचा अधिकार मोठा होता. साक्षात्कार होण्यापूर्वी ते दादर स्टेशनबाहेर मोबाईलची कव्हरं विकायचे.

"विनीत बाळा, रेंजमध्ये आहेस का?"

कोपऱ्यातल्या शिष्याने पडद्यावरचं पान पुन्हा उघडलं. झुरळाच्या डोक्यावर पिवळी पट्टी उमटली: 'आई, मी सुखात आहे. सुई सोड. महाराजांचा अंगारा घे. – विनीत.'

हॉलमधून हुंदका फुटावा तसा आवाज आला. पहिल्या रांगेत बसलेल्या कमलने पदर तोंडाला लावला. शेजारी तिची मुलगी आकांक्षा होती. ती पडद्याकडे बघत नव्हती. आईचे ओठ सुकून पांढरे पडले होते, त्यांच्याकडे बघत होती. गेल्या गुरुवारच्या अशाच निरोपानंतर तिने इन्सुलिन बंद केलं होतं, त्याला आज सातवा दिवस होता.

विनीत म्हणजे आकांक्षाचा मोठा भाऊ. अठ्ठावीस वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी वडाळ्याला बाईकवरून पडला, तो घरी आलाच नाही. आसपासच्या लोकांना वेबसाईट बनवून द्यायचा. दातांचा दवाखाना, वधू-वर सूचक मंडळ, मोदकांची ऑर्डर घेणाऱ्या काकू, एक ऑर्केस्ट्रा आणि सगळ्यात शेवटी महाराजांचा मठ. एकूण अकरा. तो गेल्यावर दोन महिन्यांनी एका गुरुवारी या अकराही साईटवर एकाच वेळी पिवळी पट्टी झळकली. पहिल्यांदा पाहिली उत्तमकाकांनी. ते घामाघूम होऊन जिना चढून आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा विनीत आमच्या झुरळांवर आलाय."

तेव्हापासून वधू-वर मंडळात लोक पत्रिका जुळल्यावर विनीतचंही मत विचारायला लागले होते.

आकांक्षा परळच्या म्युनिसिपल शाळेत विज्ञान शिकवायची. तिने आईशी भांडून पाहिलं होतं.

"आई, तुझं औषध बंद करायला विनीत सांगेल का?"

"तुला भाऊ बोललेला बघवत नाही गे," कमल म्हणाली होती. "सुई आणलीस तर मी जेवणारसुद्धा नाही."

आकांक्षाने कोणालाच सांगितलं नव्हतं, की मधल्या सुट्टीत ती स्वतः दातांच्या दवाखान्याची साईट रोज चार वेळा उघडायची. काय सांगावं, तिच्यासाठीही काही लिहिलेलं असेल.

त्या गुरुवारी हॉलच्या पायऱ्यांवर एक मुलगी थांबली होती.

"ताई, मी शेफाली. माहीमच्या कोळीवाड्यातली. विनीतने माझी म्हावऱ्याची साईट बनवली होती."

"मग तुझ्या साईटवर काय लिहितो तो?"

"काहीच नाही. तेच विचारायला आले." तिचा आवाज एकदम फाटला. "झुरळवाल्याकडे येतो. दातवाल्याकडे येतो. मोदकवाल्या काकूंकडे येतो. मग माझ्याकडे का नाही येत? माझा काय गुन्हा?"

आकांक्षा तिच्याकडे बघत राहिली. मासे पोचवायच्या साईटसाठी कोणी इतकं रडत नाही.

"किती दिवस चाललं होतं तुमचं?"

"अडीच वर्षं. घरी सांगणारच होतो. खोलीचं काही जमेना."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर आकांक्षाने विनीतचा लॅपटॉप उघडला. आजवर तिला तो उघडवला नव्हता. आत सगळं होतं, त्याच्या शिस्तीने मांडलेलं. इंटरनेटवर त्याने एकच जागा भाड्याने घेतली होती आणि अकरा गिऱ्हाइकांना तिच्यात राहायला घातलं होतं. बाहेरून अकरा नावं, अकरा पत्ते. आत एकच खातं, एकच पासवर्ड. बाजूला मठातल्या शिष्याला पाठवलेली मेल होती: 'दर्शनाचे फोटो तुम्हीच टाकत जा, पासवर्ड देतोय. बाकीच्या फोल्डरना हात लावू नका.' आणि नोंद होती, की गेल्या पाच गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्या शिष्याच्या मोबाईलवरून कोणीतरी आत आलं होतं आणि बाकीच्या सगळ्या फोल्डरना व्यवस्थित हात लावून गेलं होतं.

बारावी साईट त्या यादीत नव्हतीच. शेफालीची. तिच्यासाठी विनीतने वेगळं खातं घेतलं होतं, तिच्याच नावावर, पासवर्डही तिचाच.

आकांक्षा हसली आणि हसता हसता रडायला लागली. भूत सगळीकडे फिरत होतं. जिच्यावर जीव होता, फक्त तिच्याकडे जायला भुताकडे पासवर्ड नव्हता.

शनिवारी महाराजांनी लोकाग्रहास्तव जादा सत्संग ठेवला होता. आकांक्षा मागच्या रांगेत मोबाईल घेऊन बसली. महाराजांनी बाळाला हाक मारण्याआधीच पडद्यावर पट्टी उमटली: 'मी विनीत नाही. मी आकांक्षा. मागे बसून टाईप करतेय.'

ती उभी राहिली. "हे मी लिहिलंय."

 मग एक बाई किंचाळली, "बहिणीच्या अंगात आला गो," आणि तीन माणसं आकांक्षाच्या पाया पडली.

"बघा," महाराज म्हणाले, "सिमकार्ड बदललं."

आकांक्षाने पाय मागे घेतले.  भावाचं भूत उतरवायला आली होती, ते तिच्यावरच चढवत होते. तिने मोबाईल शेजारी बसलेल्या उत्तमकाकांच्या हातात दिला. "काका, तुम्ही लिहा. काहीही."

उत्तमकाकांनी चष्मा वर केला आणि एका बोटाने टाईप केलं. पडद्यावर दातांच्या दवाखान्याची साईट उघडली. डॉक्टरांच्या हसऱ्या फोटोवर पट्टी होती: 'ढेकणांवर खास सवलत.' मग वधू-वर मंडळ उघडलं. तिथेही ढेकणांवर खास सवलत होती.

"काकांच्याही अंगात आला का?" आकांक्षाने विचारलं. आता कोणी पाया पडलं नाही. उत्तमकाकांच्या अंगात काही येईल, यावर त्यांच्या बायकोचासुद्धा विश्वास बसला नसता.

मग तिने सगळं सांगितलं. एक खातं, अकरा साईट, एक पासवर्ड, शिष्याला दिलेला. तरुण पोरं माना डोलवत होती, म्हाताऱ्यांना काही उमगत नव्हतं. शेवटी गिरणीत हयात घालवलेले अप्पा उठले.

"म्हणजे आमची गावकीची खोली," ते म्हणाले. "वीस जणांच्या वीस ट्रंका आणि खिळ्याला एक चावी. चावी ज्याच्या हाताक लागली, तो कोणाच्याही ट्रंकेत काय पण घालील."

"तेच, अप्पा."

"आणि चावी या कव्हरवाल्याकडे."

"होती. आता मी बदललीय." आकांक्षा महाराजांकडे वळली. "बोलवा विनीतला."

महाराजांनी डोळे मिटले. कोपऱ्यातला शिष्य मोबाईलवर अंगठे आपटत होता. पडद्यावर ढेकणांवरची सवलत तशीच राहिली.

"रेंज नाही," महाराज म्हणाले.

लोक हसले. खूप हसले. अप्पांनी महाराजांना त्यांच्या चपला शोधून दिल्या. त्या सगळ्या हशात पहिल्या रांगेत एकटी कमल पडद्याकडे बघत बसली होती.

दोघी घरी आल्या. आकांक्षाने आईच्या बोटावर टोचून रक्तातली साखर मोजली. चारशे बारा.

"म्हणजे तो बोललाच नाही?" कमलने विचारलं.

"नाही, आई."

"एकदापण?"

"एकदापण नाही."

"मी सुखात आहे म्हणाला ते?"

"ते शिष्याने लिहिलं होतं."

कमलने मान हलवली. परीक्षेत नापास झालेल्या मुलांचे आईबाप निकालाच्या कागदावर मान हलवतात, तशी. आकांक्षाने शाळेत ती पुष्कळदा पाहिली होती.

अशा गोष्टीत शेवटी भोंदू पळतो आणि गाव शहाणं होतं. इथेही झालं. पण भोंदू लोकांच्या अडाणीपणावर जगतो, असं जे आपण म्हणतो ते अर्धंच खरं आहे. तो आपल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकायच्या भुकेवर जगतो, आणि ती भूक विज्ञानाच्या बाईंनाही चुकलेली नाही. म्हणून एवढंच सांगणं आहे. मेलेलं माणूस बोललं असं कोणी म्हणालं, तर हात जोडण्याआधी विचारा, ते लिहायची सोय कोणाकोणाकडे होती. आणि कोणताही आत्मा, देव किंवा महाराज औषध बंद कर म्हणाला, तर तो आपल्या घरचा नाही, हे विचारल्याशिवायच ओळखा.

आकांक्षाने फ्रिजमधून बाटली काढली, सुईत औषध भरलं, प्रकाशात धरून बुडबुडा काढला. कमलने साडी जराशी सैल करून पोटाची चिमूट धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हळू टोच," ती म्हणाली. "विनीत हळू टोचायचा."